सोलापूर ते गुलमर्ग: रेल्वेने जाऊन, एकट्याने, स्की टूरिंगसाठी थांबायचं असेल तर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापूरची. घरात दोन पिढ्या यंत्रमाग चालले, त्यामुळे सुताच्या धुळीत वाढले आणि बर्फ पहिल्यांदा पाहिला तो तिशी ओलांडल्यावर. त्यानंतर जवळजवळ दर हिवाळ्यात रेल्वेने वर जाते, गुलमर्गला काही दिवस थांबते, स्की करते आणि परत येते. ओळखीतून, ओळखीच्या ओळखीतून तेच तेच प्रश्न येत राहतात. एकेकाला उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून ठेवलं आहे. प्रश्नांना क्रमांक दिलेत, कारण एका उत्तरातून दुसरीकडे पाठवायची वेळ बरेचदा येते.

१. स्की टूरिंग म्हणजे नेमकं काय? साध्या स्कीइंगपेक्षा वेगळं काय असतं?

साध्या स्कीइंगमध्ये वर नेण्याचं काम यंत्र करतं, तुम्ही फक्त खाली घसरता. टूरिंगमध्ये वरही आपणच चढायचं. त्यासाठी बूट स्कीला अडकवणारं बाइंडिंग वेगळं लागतं: चढताना टाच मोकळी राहते आणि बूट फक्त पुढच्या टोकाला अडकलेला असतो, उतरताना टाच लॉक करायची. स्कीच्या तळाला एक लांब पट्टी चिकटवतात, तिला स्किन म्हणतात. पूर्वी ती खरोखर सीलच्या कातड्याची असे. आता नायलॉनची किंवा मोहेरची, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांची, येते. केस एकाच दिशेने झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. मांजराच्या पाठीवरून उलटा हात फिरवून पाहा, लगेच कळेल. वर पोचलं की पट्ट्या सोलून काढायच्या, घडी करून जॅकेटच्या आत ठेवायच्या, आणि मग उतरायचं.

२. गुलमर्गच का? औली, मनालीही आहेत की.

आहेत, आणि दोन्ही चांगल्या जागा आहेत. पण औलीला जायचं तर ऋषिकेशनंतर अख्खा दिवस डोंगरी रस्ता, आणि मनालीला रूळ जातच नाहीत. सोलापूरच्या माणसाला सगळ्यात कमी घाटरस्ता गुलमर्गला लागतो. ६ जून २०२५ ला कटरा ते श्रीनगर हा जोड पूर्ण झाला आणि उधमपूर–श्रीनगर–बारामुल्ला हा २७२ किलोमीटरचा मार्ग सलग झाला. आधी मी बनिहालपर्यंत रस्त्याने जायचे. दरडीमुळे एकदा रामबनजवळ गाडीत बसून रात्र काढली आहे. आता तोच टप्पा बोगद्यांतून निघून जातो.

शिवाय गुलमर्गला गोंडोला, म्हणजे तारेवरून वर जाणारा बंद पाळणा, आहे. टूरिंग करणाऱ्याला गोंडोला कशाला, असं वाटेल. पण पहिल्या टप्प्याने कोंगडूरीला, म्हणजे साधारण ३,०८० मीटरवर जाऊन तिथून चढाई सुरू करता येते, आणि पाय बोलायला लागले तर त्याच गोंडोलाने खालीही येता येतं.

३. सोलापूरहून गाडी कुठली धरायची?

दोन सोयीचे मार्ग आहेत. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरला थांबते आणि थेट नवी दिल्लीला नेते. एक दिवस नि एक रात्र धरा, मग दिल्लीहून जम्मू किंवा कटरा. दुसरा मार्ग म्हणजे दौंड गाठायचं आणि पुण्याहून जम्मूतवीला जाणारी झेलम एक्स्प्रेस धरायची. दोन रात्री गाडीत जातात, पण दिल्लीत सामान घेऊन फलाट बदलायची धावपळ वाचते. मला झेलम आवडते. वरचा बर्थ मिळाला की मी मनमाडनंतर कुणाशी बोलत नाही.

कटऱ्याहून पुढे वंदे भारत. काचा साफ असतील तर डावी-उजवी न पाहता दोन्हीकडे मान फिरवत बसा. अंजी खड्डचा केबलचा पूल आणि नदीपासून ३५९ मीटर उंचीवरचा चिनाब पूल, दोन्ही काही क्षणांत निघून जातात. श्रीनगर स्टेशन नौगामला आहे, तिथून गुलमर्ग साधारण ५० किलोमीटर. हलक्या सामानाने जाणारे श्रीनगर–बारामुल्ला लोकलने मझहोमला उतरतात, कारण गुलमर्गचा रस्ता जवळच्या मागाममधूनच जातो. शेवटचे तेरा किलोमीटर तंगमर्गहून वर. ताजा बर्फ पडला असेल तर तंगमर्गला गाडीच्या चाकांना साखळ्या लावाव्या लागतात किंवा गाडी बदलावी लागते. त्याचे पैसे आधीच ठरवून घ्या, रस्त्यात घासाघीस करू नका.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. आता १२० दिवस नाहीत, अजूनही काही जण त्याच हिशेबाने बसलेले असतात. वेळापत्रक तिकीट काढायच्या दिवशी पुन्हा बघा, या मार्गावर बदल होत राहतात.

४. घरचे वैष्णोदेवीला चाललेत. त्याच तिकिटावर मध्ये उतरून मी गुलमर्ग करू शकतो का?

हा प्रश्न सोलापूरकरांचा खास आहे, दर डिसेंबरमध्ये येतोच. प्रवासात मध्ये उतरण्याची सोय रेल्वेत आहे, पण ती या कामाची नाही. ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावरच मिळते, पहिला थांबा ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो, आणि मुक्काम जास्तीत जास्त दोन दिवसांचा, उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस सोडून. हजार किलोमीटरपर्यंतच्या तिकिटावर एकदा, त्याहून लांबच्यावर दोनदा. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना ही सवलत नाही. दिल्लीत मावशीकडे उतरायला ठीक आहे. स्कीसाठी दोन दिवस म्हणजे काहीच नाही, का ते पाचव्या प्रश्नात आहे.

त्यामुळे कटऱ्यापर्यंत घरच्यांबरोबर या, दर्शन करा, त्यांना परत पाठवा आणि कटरा–श्रीनगर, श्रीनगर–कटरा ही तिकिटं वेगळी काढा. सलग दोन गाड्या असतील तर दोन पीएनआर एकमेकांना जोडायची सोय आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे मागता येतात. डिसेंबर-जानेवारीत दिल्ली ते पंजाब धुकं असतं, तेव्हा ही जोडणी विसरू नका. आणि दोन गाड्यांमध्ये तीन तास ठेवले म्हणून सुरक्षित आहोत असं समजू नका, मी सहा धरते.

५. किती दिवस थांबायचं आणि कोणत्या महिन्यात?

गड्डा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, उरकून निघा, असं मी सांगते. अक्षता सोहळा चुकवून गेलात तर घरचे वर्षभर ऐकवतील, आणि बर्फाच्या दृष्टीनेही घाई करण्यात अर्थ नाही. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलां असतो, त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थंडी कलांमध्ये सर्वात कडक, पण जमिनीवरचे दगड आणि झुडपं बुजण्याइतका थर बसायला वेळ लागतो. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीची अखेर हा माझ्या मते उत्तम काळ.

मुक्काम निदान सहा रात्रींचा. पहिला दिवस झोप आणि उंचीसाठी. दुसरा गुलमर्गच्या मैदानात, उतार विसरलो नाही ना ते बघायला. मग दोन दिवस खरं टूरिंग. उरलेले दोन दिवस हवामानाला द्यायचे. ते फुकट गेले असं वाटेल तेव्हा प्रश्न १६ वाचा.

६. मला स्की येत नाही. चढणं तर चालण्यासारखंच आहे ना, मग थेट टूरिंग करू का?

नको. स्किन लावून चढणं तासाभरात जमतं, हे खरं आहे. पण चढलेलं उतरावं लागतं, आणि तेही दाबून सपाट न केलेल्या, गुडघाभर मऊ बर्फात, दमलेल्या पायांनी. आधी स्की शिका. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, ती हिवाळ्यात अभ्यासक्रम घेते. मनालीच्या पर्वतारोहण संस्थेतही शिकवतात. दोन मोसम साध्या उतारांवर घालवा. तोवर बर्फात चालायचीच हौस असेल तर स्नोशू भाड्याने मिळतात, त्यांनी मैदानाच्या कडेने, देवदारांमधून फिरा. त्यात कमीपणा काही नाही.

७. एकट्याने म्हणजे किती एकट्याने?

गाडीत एकटे, खोलीत एकटे, जेवायला एकटे. गोंडोलाच्या हद्दीबाहेर बर्फावर एकटे नाही.

याचं कारण भावनिक नाही, हिशेबाचं आहे. हिमस्खलनात गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलं तर जगण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने कोसळते. एवढ्या वेळात गावातून कुणी पोचत नाही. वाचवतो तो बरोबरचाच माणूस. म्हणून प्रत्येकाकडे तीन वस्तू असतात: ट्रान्सीव्हर, प्रोब (बर्फात खुपसून पाहायची लांब घडीची काठी) आणि फावडं. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतो, बरोबरचा माणूस आपला ट्रान्सीव्हर शोधावर टाकून तुमच्याजवळ येतो, प्रोबने खोली बघतो आणि उकरतो. एकटे असाल तर तुमच्या अंगावरचं यंत्र इमानदारीने संदेश सोडत राहील, ऐकणारं कुणी नसेल.

गुलमर्गच्या अफरवट शिखराच्या परिसरात फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. बाहेरच्या देशांतून मुद्दाम इथल्या बर्फासाठी आलेले लोक होते ते.

म्हणून गाईड घ्या. पर्यटन खात्याकडे नोंदलेला, आणि ज्याच्याकडे स्वतःचं ट्रान्सीव्हर-प्रोब-फावडं आहे असा. मी पहिल्या सकाळी एक गोष्ट करते: माझा ट्रान्सीव्हर पिशवीत घालून मैदानात पुरून ठेवते आणि त्याला म्हणते, शोधून दाखवा. मग तो माझी परीक्षा घेतो. जो यावर हसून टाळतो, त्याच्याबरोबर मी जात नाही. एकदा एका गाईडने दोन मिनिटांत शोधला आणि मला सहा लागली. त्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही, दुपारपर्यंत तेच खेळत बसलो.

गोंडोलाच्या हद्दीत, गस्तीचे लोक जिथे असतात तिथे, किंवा मैदानातल्या सौम्य चढांवर एकटं फिरायला माझी हरकत नाही. हॉटेलात सांगून जा आणि परतायची वेळ पाळा.

८. बाई एकटी आहे म्हणून काही वेगळी काळजी?

गाडीत जेवढी काळजी सोलापूर-दिल्ली घेता तेवढीच पुढेही. गुलमर्गमध्ये मला कधी त्रास झाला नाही, पण अंधार पडल्यावर रस्ते लवकर ओस पडतात, तेव्हा सहानंतर बाहेर राहू नका. खोलीची चौकशी करताना एकच प्रश्न आवर्जून विचारा: उष्णतेला काय आहे? बुखारी, म्हणजे लाकूड-कोळशाची शेगडी, किंवा गॅसचा हिटर असेल तर रात्री खिडकीला फट ठेवा. बंद खोलीत कोळशाचा किंवा गॅसचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. हे पुरुषांनाही लागू आहे, पण त्यांनी हा प्रश्न मला अजून विचारलेला नाही.

९. सोलापुरात डोंगर नाही. तयारी कशी करू?

पार्क स्टेडियमच्या पायऱ्या. पाठीवर आठ किलो घेऊन चढायचं आणि, महत्त्वाचं म्हणजे, उतरायचं. स्कीमध्ये मांड्या उतरतानाच पेटतात. आठवड्यात तीन दिवस, आठ-दहा आठवडे. सुट्टीत पुण्याला गेलात तर सिंहगड. अंतर किती चाललो ते मोजू नका, उंची किती चढलो ते मोजा: तब्येतीने चांगला माणूस स्कीवर तासाला तीनेकशे मीटर चढतो, आपण दोनशे धरून चालावं. पहिल्यांदा त्याहून कमी निघालं तरी गाईडला सांगताना लाजू नका, तो दिवस त्यावरच आखतो.

१०. स्की सोबत न्याव्यात की भाड्याने घ्याव्यात?

पहिली काही वर्षं भाड्यानेच. रेल्वेत डब्यात नेण्याच्या पेटीची मर्यादा साधारण १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर आहे, एसी थ्री टियरला त्याहून कमी. स्की असतात पावणेदोन मीटरच्या. नियमाने त्या पार्सल डब्यात जायला हव्यात. वजनाची मोकळी मर्यादा स्लीपर आणि थ्री टियरला ४० किलो आहे, तिची अडचण येत नाही. अडचण लांबीचीच.

साध्या स्की गुलमर्गमध्ये भरपूर मिळतात. टूरिंगच्या, म्हणजे मोकळ्या टाचेच्या बाइंडिंगच्या, मोजक्याच असतात. महिनाभर आधी फोन करून ठेवा. बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये सांगतात: टाच भिंतीला टेकवून उभं राहा, अंगठ्याच्या टोकाशी खूण करा आणि पट्टीने मोजा. माझं २४.५ येतं. चपलेचा नंबर सांगू नका, त्याचा उपयोग नाही. वजन आणि उंची खरी सांगा. पडल्यावर बाइंडिंग किती जोराला सुटायचं ते त्यावर ठरतं, आणि तिथे पाच किलो लपवले तर गुडघा भोगतो.

फक्त दोन वस्तू स्वतःच्या न्याव्यात असं मला वाटतं: बुटातले मोजे आणि स्किन. स्किनची गोष्ट शेवटच्या प्रश्नात आहे.

११. कपडे काय? सोलापुरी चादर नेऊ का?

गाडीत जरूर न्या. बर्फावर नको. हे लिहिताना सोलापूरकर म्हणून हात अडखळतो, पण सूत पाणी धरून ठेवतं आणि ओलं सूत अंगातली ऊब काढून घेतं. बनियनही सुती नको. आत लोकर किंवा सिंथेटिक, मध्ये फ्लीस, बाहेर वारा अडवणारं जॅकेट. गुलमर्गची जानेवारीची रात्र उणे दहाच्या आसपास जाते, पण चढताना तुम्हाला उकडणार आहे. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, नाहीतर दहा मिनिटांत घाम येतो आणि थांबलात की तोच घाम गोठतो. जाड जॅकेट पाठपिशवीत ठेवायचं, माथ्यावर घालायचं.

१२. खायला काय न्यावं?

इथे मात्र आपण जगात पुढे आहोत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. बाजारातले चॉकलेटचे बार थंडीत दगड होतात, दात लावायला भीती वाटते. कडक भाकरीत पाणीच नसतं, त्यामुळे ती गोठत नाही. घरात जशी मोडते तशीच साडेतीन हजार मीटरवर मोडते. संक्रांतीचा उरलेला तिळगूळ खिशात. माझ्या गाईडला आता चटणीची इतकी सवय झाली आहे की तो फोनवर हवामानाआधी तिची चौकशी करतो.

पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, म्हणजे बुडाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. नळीवाल्या पिशव्या नेऊ नका, नळी पहिल्या तासात गोठते.

१३. रेल्वेने हळूहळू गेल्यामुळे उंचीची सवय होते का?

नाही. तीन दिवस गाडीत बसलात तरी श्रीनगर फक्त सोळाशे मीटरच्या आसपास आहे. सोलापूर साडेचारशे. खरी उडी शेवटच्या दोन तासांत बसते: गुलमर्ग साधारण २,६५० मीटर. तिथून गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला, ३,९५० मीटरच्या आसपास गेलात तर समुद्रसपाटीच्या तुलनेत हवेचा दाब साठेक टक्केच उरतो. पहिल्या दिवशी दुसऱ्या टप्प्याला हात लावू नका. डोकं दुखतंय आणि मळमळतंय तर वर जायचं नाही, वाढलं तर तंगमर्गला उतरायचं. गोळ्यांबद्दल निघण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.

१४. फोन चालतो का?

बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. पोस्टपेड चालतं. पहिल्या खेपेला मला हे माहीत नव्हतं. गाडी पंजाब ओलांडून गेली आणि फोन मुका झाला. घरी तीन दिवस माझा पत्ता नाही, वडील सोलापूर स्टेशनच्या चौकशी खिडकीवर जाऊन उभे राहिले होते. निघण्याआधी आठ-दहा दिवस सिम पोस्टपेड करून घ्या.

थंडीत बॅटरी पडते, फोन आतल्या खिशात ठेवा. पण ट्रान्सीव्हर अंगावर असेल तर फोन त्यापासून निदान वीस सेंटिमीटर दूर, आणि शोध घेताना फोन बंदच. त्याच्या लहरी शोधात घोळ घालतात.

१५. धोका आहे की नाही हे मला कसं कळणार?

डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था, जिला पूर्वी सासे म्हणायचे, हिमस्खलनाचा इशारा जिल्ह्यानुसार देते. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापनही तो प्रसारित करतं. पण जिल्हा मोठा असतो आणि तुमचा उतार एकच असतो, म्हणून काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघायच्या. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, फोनमधल्या उतारमापकाने अंश कळतो. काल रात्री किती पडला? वारा कोणत्या बाजूला बर्फ नेऊन टाकतोय? स्कीखाली ‘धप्प’ असा दबका आवाज झाला, बर्फ एकदम खाली बसला, समोर चीर धावत गेली, तर तिथेच संपलं. मागे फिरायचं, चर्चा वर करायची नाही.

तो आवाज मी एकदा ऐकला आहे. रिकाम्या खोलीत कुणी गादी टाकावी तसा. गाईडने वळूनही पाहिलं नाही, फक्त काठीने मागे खूण केली. आम्ही आलो त्याच खुणेवरून, एकमेकांत तीस पावलं अंतर ठेवून, परत गेलो. तोपर्यंत मला वाटायचं की धोका दिसायला भयंकर असतो. त्या उतारावर कोवळं ऊन पडलं होतं.

१६. दोन दिवस बर्फ पडतोय, गोंडोला बंद आहे आणि परवा माझी गाडी आहे. उद्या उघडीप मिळाली तर जाऊ का?

या सगळ्या पानाचं कारण हा प्रश्न आहे. नका जाऊ.

पश्चिमी विक्षोभ येतो, दोन-तीन दिवस धो धो बर्फ पडतो, मग लख्ख निळं आकाश उघडतं. त्या निळ्या सकाळीच धोका सर्वात जास्त असतो. नवा थर जुन्यावर अजून बसलेला नसतो. आणि नेमक्या त्याच सकाळी दूरवरून आलेला, सुट्टी संपत आलेला माणूस म्हणतो, एवढं येऊन असाच परत जाऊ? माझ्या मते टूरिंगच्या सामानात सगळ्यात घातक वस्तू म्हणजे परतीचं कन्फर्म तिकीट. ते खिशात बसून तुमच्यातर्फे निर्णय घेतं.

म्हणून परतीचं तिकीट ठरवलेल्या दिवसाच्या दोन दिवस पुढचं काढा, आणि कचेरीत रजाही तशीच टाका. बर्फाने रस्ता किंवा गाडी बंद पडली तरी तेच दोन दिवस उपयोगी पडतात. गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरून पूर्ण पैसे मिळतात, पण गाडी सुटण्याआधी भरावा लागतो.

गोंडोला बंद असला तरी दिवस वाया जात नाही. मैदानाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर स्किन लावून फिरा, वळणं घोटा. धोका कमी असेल तेव्हा गाईडबरोबर देवदारांमधून बाबा रेशीच्या जियारतीकडे उतरणं हा माझा सगळ्यात आवडता दिवस. खाली दर्ग्यापाशी पोचायचं आणि गाडीने परत वर.

१७. मी जर्मनीत नोकरीला होतो, आल्प्समध्ये टूरिंग केलंय. माझ्यासाठीही गाईड लागेल का? आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र आहे ते आणू?

यंत्र आणू नका. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं परवान्याशिवाय बाळगणं भारतात गुन्हा आहे. विदेशी पर्यटकांना यावरून अटक झालेली आहे, आणि सीमेजवळच्या जिल्ह्यात तर कुणी ऐकूनही घेणार नाही. ड्रोनचंही तसंच.

गाईड लागेलच. आल्प्समध्ये नकाशा, उतारांनुसार दररोजचं हिमस्खलनाचं पत्रक, मुक्कामाच्या झोपड्यांची साखळी आणि हेलिकॉप्टर असतं. इथे गस्त गोंडोलाच्या आसपास आहे, त्याच्या पलीकडे बरोबरची माणसं. दुसरं म्हणजे अफरवटच्या कण्यापलीकडे नियंत्रण रेषा फार दूर नाही. धुक्यात चुकून पलीकडच्या बाजूने उतरलात तर अडचण हिमाची राहत नाही.

रेल्वेने जाऊन स्टेशनबाहेरच स्किन लावायची हौस युरोपातच फिटते. नॉर्वेच्या ओस्लो–बर्गन मार्गावर फिन्से नावाचं स्टेशन आहे, १,२२२ मीटरवर. तिथे रस्ताच जात नाही, सगळे गाडीतून उतरून थेट बर्फात. मी गेलेली नाही. मझहोमला उतरून टॅक्सीवाल्याशी बोलताना त्याची आठवण काढते.

१८. प्रवास विमा चालतो का?

साध्या प्रवास विम्यात बहुधा नाही. ‘साहसी खेळ’ आणि ‘आखलेल्या उताराबाहेर’ हे शब्द वगळलेल्या गोष्टींच्या यादीत शोधा. सापडले तर एजंट तोंडी काय म्हणतो त्याला अर्थ नाही, लेखी मागा.

१९. स्किनचा गोंद बिघडला, केस-धागे चिकटलेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या ठेवायच्या कशा?

पहिल्या वर्षी परत येताना मी ओल्या स्किन वाळाव्यात म्हणून बर्थवर पसरल्या. गोंदाची बाजू खाली, आणि खाली काय, तर घरची चादर. दौंडला उठून पाहते तर दोन्ही पट्ट्यांवर लाल-पिवळं सूत, मोराच्या पिसाऱ्यासकट. चिमट्याने एकेक धागा काढायला सोलापूरपर्यंतचा वेळ पुरला नाही, घरी आठवडा गेला. शेवटी जुना गोंद खरवडून नवा लावला.

तेव्हा वाळवताना पट्टी दोरीवर टांगायची, गोंदाला काही लागू द्यायचं नाही, हिटरजवळ धरायची नाही. पूर्ण वाळली की तिच्याबरोबर येणारी जाळी मध्ये घालून घडी. जाळी हरवली असेल तर बेकिंगचा कागद चालतो. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो, माळ्यावर किंवा गच्चीच्या खोलीत ठेवलीत तर गोंद पाझरतो आणि पुढच्या वर्षी पट्टी सोलताना निम्मा स्कीवरच राहतो. हवाबंद डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. डब्यावर नाव मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे पाहुण्यांनी तो एकदा आंबापोळीचा समजून उघडला होता.